अट घातली की मोजणी का चुकते

दहा माणसांतून पाच जणांची समिती निवडायचे २५२ प्रकार आहेत. त्या दहांत सहा पुरुष आणि चार स्त्रिया आहेत असं धरा आणि समितीत किमान दोन स्त्रिया हव्यात एवढीच अट घाला. हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वर्गात हा प्रश्न फळ्यावर पडला, की थोड्या वेळात बाकांवरून एक उत्तर हमखास येतं : ३३६. रीत सरळ वाटते. आधी चौघींतून दोघी निवडा, त्याचे ६ प्रकार. अट पुरी झाली. आता उरलेल्या आठ जणांतून कोणीही तिघं, त्याचे ५६ प्रकार. गुणाकार ३३६. फक्त एक भानगड आहे. अट नव्हती तेव्हा समित्या २५२ होत्या आणि अट घातल्यावर त्या ३३६ झाल्या. चाळणीतून काढल्यावर पीठ वाढावं, तसं हे झालं.

अटी घालून केलेल्या निवडी मोजणं हा शाळकरी गणितातला सगळ्यात फसवा भाग आहे, असं माझं मत आहे. इथे सूत्र एकच आणि तेही सोपं. कॅल्क्युलसमध्ये मुलगा अडतो तेव्हा आपण अडलो हे त्याला कळतं. इथे तो अडत नाही. भराभर गुणाकार करत सुटतो आणि चुकीचं उत्तर छातीठोकपणे लिहितो. एवढ्या सोप्या सूत्राभोवती माणसं इतकी का चुकतात, याचा हा आढावा.

नारायणगुड्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. हिमायतनगर आणि चिक्कडपल्लीला लागून असलेल्या या भागात उड्डाणपूल, वायएमसीएचा चौक आणि २०२० साली आलेलं मेट्रोचं स्टेशन यांच्या आसपास कॉलेजं आणि कोचिंग यांच्या पाट्यांची दाटी आहे. मराठी माणसाला इथलं जवळचं नाव म्हणजे केशव मेमोरियल. हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि इथल्या सार्वजनिक जीवनातले मराठी पुढारी केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ ही शिक्षणसंस्था १९४० साली उभी राहिली. आज तिच्या शाळा-कॉलेजांच्या जोडीला २००७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. थोडं पुढे, चिक्कडपल्लीच्या सार्वजनिक वाचनालयात सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं दिवसभर बसलेली असतात. त्यांच्याही पुस्तकांत हीच समिती असते.

एमपीसी, म्हणजे गणित-भौतिकी-रसायन, घेतलेल्या मुलाला हा धडा दुसऱ्या वर्षी, ‘टू-ए’च्या पेपरात, द्विपद प्रमेयाच्या आधी भेटतो. मग येते प्रवेशपरीक्षा. तिचं अधिकृत नाव आता ईएपीसेट असलं, तरी घरोघरी अजून ‘एमसेट’च. १८० मिनिटांत १६० बिट्स, म्हणजे छोटे प्रश्न, त्यांपैकी ८० गणिताचे, चुकीच्या उत्तराला दंड नाही. भागाकार केला तर एका बिटाला एक मिनिट साडेसात सेकंद येतात. गंमत म्हणजे इंटरच्या ज्या पेपरात हा धडा विचारतात तो ‘टू-ए’चा पेपरच अटींसह निवडीचा नमुना आहे. कित्येक वर्षं त्याचा साचा असा : पहिल्या भागातले दहाही प्रश्न सक्तीचे, दुसऱ्या भागात सातांपैकी पाच, तिसऱ्यातही सातांपैकी पाच. सातांतून पाच म्हणजे २१ प्रकार. म्हणून प्रश्नांची निवड २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ तऱ्हांनी करता येते. तेच ‘या चौदांतून कोणतेही दहा सोडवा’ असं म्हटलं असतं, तर प्रकार १००१ झाले असते. निम्म्याहून जास्त वाटा एका ओळीच्या सूचनेने बंद केल्या. आणि इथे गुणाकार बरोबर आहे, कारण दोन्ही भाग वेगळे आहेत आणि एका भागातला प्रश्न दुसऱ्यात जाऊ शकत नाही.

मग समितीच्या गुणाकारात काय बिघडलं? समजा समितीत सुमन, रेखा आणि वनिता या तिघी आणि दोन पुरुष आले. ३३६च्या हिशेबात ही समिती तीनदा मोजली गेली आहे : सुमन-रेखा ‘आधी’ निवडल्या आणि वनिता ‘उरलेल्यांतून’ आली, रेखा-वनिता आधी आणि सुमन मागून, सुमन-वनिता आधी आणि रेखा मागून. प्रत्यक्ष समितीत मात्र आधीची आणि मागची असा भेद कुठेच नाही. तो आपण मोजताना निर्माण केला. दोघींच्या गळ्यात ‘अटीच्या सभासद’ अशी पाटी अडकवली आणि तिसरीला नुसतं ‘सभासद’ ठेवलं. चौघी आल्या तर तीच समिती सहादा मोजली जाते. हिशेब तंतोतंत जुळतो. दोन स्त्रियांच्या १२० समित्या एकेकदा, तिघींच्या ६० समित्या तीनतीनदा, चौघींच्या ६ समित्या सहासहादा : १२० अधिक १८० अधिक ३६ म्हणजे ३३६. खरं उत्तर १२० अधिक ६० अधिक ६, म्हणजे १८६.

माझ्या मते सगळा विषय इथेच आहे. अटीची मोजणी चुकते ती बहुधा एकाच कारणाने. आपण नकळत पदं वाटतो, आणि समितीला ती पदं ठाऊक नसतात.

याची उलट बाजू पाहिली की मुद्दा पक्का होतो. अट बदला : पाच जणांची समिती हवी, तिला एक अध्यक्ष हवी आणि ती स्त्रीच हवी. आता आधी चौघींतून एक निवडायची, मग उरलेल्या नऊ जणांतून कोणीही चार, म्हणजे ४ गुणिले १२६, बरोबर ५०४. इथे ‘आधी निवडा, मग उरलेल्यांतून भरा’ ही तीच चाल अगदी अचूक बसते, कारण अध्यक्ष हे पद खरोखरच अस्तित्वात आहे. एका स्त्रीच्या ६० समित्यांत अध्यक्ष निवडायचा एक मार्ग, दोघींच्या १२० समित्यांत दोन, तिघींच्या ६० मध्ये तीन आणि चौघींच्या ६ मध्ये चार : ६० अधिक २४० अधिक १८० अधिक २४, पुन्हा ५०४. चाल एकच, एका प्रश्नात चूक, दुसऱ्यात बरोबर. विद्यार्थी गोंधळतो तो नेमका यामुळे. कालच्या गणितात चाललेली रीत आज का चालत नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याऐवजी ‘हा टाइप-चार, तो टाइप-सात’ असं सांगितलं जातं.

टाइपांच्या या वंशावळीत मागे गेलं तर हॉल आणि नाइट यांचं ‘हायर अल्जिब्रा’ लागतं. १८८७ सालचं हे पुस्तक भारतात अजून छापलं जातं. त्यातल्या एका उदाहरणात सात इंग्रज आणि चार अमेरिकन आहेत, त्यांतून सहा जणांची समिती करायची आहे. एकदा नेमके दोन अमेरिकन घेऊन, एकदा किमान दोन घेऊन. उत्तरं २१० आणि ३७१. नंतर आपल्या पुस्तकांत इंग्रज-अमेरिकनांचे पुरुष-स्त्रिया झाले, मुलं-मुली झाले, फलंदाज-गोलंदाज झाले. पण समिती तीच राहिली. सव्वाशे वर्षं एकच समिती बसते आहे आणि तिने अजून एकही ठराव केलेला नाही.

पण मोजणी त्याहून फार जुनी आहे, आणि आपल्याकडे तर ती समितीतून सुरूच झाली नाही. ती चवीतून सुरू झाली. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत सहा रसांचे ६३ भेद सांगितले आहेत : एकेक रस ६, दोन-दोन १५, तीन-तीन २०, चार-चार १५, पाच-पाच ६ आणि सहाही एकत्र १. बेरीज ६३. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त अत्तरांचा विचार करताना सोळा द्रव्यांतून चार निवडण्याचे १८२० प्रकार दिले. सर्वसाधारण नियम स्पष्ट शब्दांत मांडला तो नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी, ‘गणितसारसंग्रहा’त : वर उतरत्या संख्यांचा गुणाकार, खाली एकापासून चढत्या संख्यांचा, आणि भागाकार. आजही मुलं हेच करतात. महावीराचार्यांचा काळ राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. १९५६ पर्यंत हे गाव हैदराबाद राज्यातच होतं. नारायणगुड्यात बसून या विषयाला परका म्हणायची सोय नाही.

अटींचं भान कोणाला होतं, हे पाहायचं तर भास्कराचार्यांकडे यावं लागतं. ‘लीलावती’ ११५० सालची. तिच्यात आठ दारांच्या राजवाड्याचं उदाहरण आहे : कोणती दारं उघडी ठेवायची याचे प्रकार किती? उत्तर २५५. आठ दारांपैकी प्रत्येक उघडं किंवा बंद, म्हणजे २५६. त्यातून सगळी बंद हा एक प्रकार वजा. रसांचंही तसंच, ६४ वजा १. बिनरसाचा पदार्थ हा पदार्थच नव्हे. पण छंदांची मोजणी करताना, सहा अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरूंनी होणारे प्रकार भास्कराचार्य पूर्ण ६४ धरतात, कारण एकही गुरू नसलेला चरण हाही चरणच असतो. बेरजेची रीत तीच, सहाची ओळ तीच. शून्याची जागा ठेवायची की काढायची हे मात्र वस्तू पाहून ठरलं. ‘किमान एक’ या अटीचं सगळं मर्म यात आहे : सगळे प्रकार मोजा आणि एकही नसलेले वजा करा. आमच्या समितीत किमान एक स्त्री हवी असेल तर २५२ वजा ६, म्हणजे २४६.

त्याहून बारीक नमुना ‘लीलावती’च्या शेवटच्या, अंकपाशाच्या प्रकरणात आहे. पाच अंकी संख्या घ्या, शून्य वापरायचं नाही, अंकांची बेरीज १३ हवी. अशा संख्या किती? उत्तर ४९५. कसं? तेरा खडे एका ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये बारा फटी होतात. त्यांपैकी चार फटींत काड्या ठेवल्या की ओळीचे पाच तुकडे पडतात, प्रत्येकात किमान एक खडा. बारांतून चार निवडण्याचे प्रकार ४९५. इथवर कोणीही येईल. पण भास्कराचार्य पुढे एक अट घालतात : बेरीज ही स्थानांची संख्या अधिक नऊ यापेक्षा कमी असेल तरच ही रीत चालेल. पाच स्थानं अधिक नऊ म्हणजे चौदा, आणि तेरा त्याहून कमी. का ही अट? कारण अंक नऊच्या पुढे जात नाही. बेरीज १३ असताना, बाकी चार जागी एकेक दिला तरी पाचव्या जागी जास्तीत जास्त नऊच येतो. वरची मर्यादा आपोआप पाळली जाते. बेरीज १४ घेतली की फटींची रीत ७१५ देते, पण त्यांत पाच ठिकाणी ‘दहा’ हा न चालणारा अंक शिरलेला असतो. ते वजा केले की ७१०. भास्कराचार्य जिथे थांबले, तिथूनच आजच्या गणितातलं समावेश-वर्जनाचं तत्त्व सुरू होतं : आधी जास्त मोजा, मग अट मोडणारे काढा, दोन अटी एकदम मोडणारे दोनदा गेले असतील तर परत जोडा. सूत्र कुठवर खरं आहे हे सूत्रासोबतच सांगण्याची ही शिस्त आजच्या गाइडांत मला क्वचित दिसते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ उभारला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. म्हटलं तर तेही कोचिंगच, फक्त पर्यायी उत्तरांशिवाय.

आता अटींचे बाकीचे प्रकार. यात एक सोपा गट आहे, तो लवकर आटपू. दहांतल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यांना एकत्र घ्यायचं नाही : दोघंही असलेल्या समित्या आठांतून तीन म्हणजे ५६, त्या वजा करून १९६. दोघं आले तर एकत्र, नाहीतर नाहीच : ५६ अधिक ५६, म्हणजे ११२. एक जण दुसरा असेल तरच यायला तयार आहे : पहिला आहे पण दुसरा नाही अशा ७० समित्या वजा, उरल्या १८२. या तिन्हींत वाक्य नीट वाचणं एवढंच काम. ‘तरच’ कोणाला लागू आहे हे उलटं वाचलं तरी इथे आकडा तोच येतो, म्हणून ही चूक पकडलीही जात नाही.

शेजाराची अट मात्र वेगळ्या घराण्यातली. दहा खुर्च्यांच्या ओळीत चार खुर्च्या अशा निवडायच्या की कोणत्याही दोन शेजारी नसाव्यात. सरळ वजाबाकीने गेलात तर अडकाल. उलट जा : रिकाम्या राहणाऱ्या सहा खुर्च्या आधी मांडा, त्यांच्या मध्ये आणि दोन टोकांना मिळून सात जागा होतात, त्यांतल्या चार निवडा. ३५ प्रकार. हेच दहा खुर्च्यांचं गोल टेबल असेल तर पहिली आणि दहावी एकमेकींच्या शेजारी येतात. त्या दोन्ही निवडलेले १० प्रकार वजा होऊन २५ उरतात. फ्रेंच गणिती ल्युका यांनी १८९१ साली मेजवानीच्या टेबलाचा प्रश्न मांडला : जोडपी अशी बसवा की स्त्री-पुरुष एकाआड एक यावेत, पण नवरा-बायको शेजारी नकोत. त्याचं सुटसुटीत उत्तर आयर्विंग कॅप्लान्स्की यांनी १९४३ मध्ये दिलं, आणि त्यांचा आधार होता तो हाच गोल खुर्च्यांचा हिशेब. मेजवानीचा प्रश्न आणि हे सुटसुटीत उत्तर यांच्यामध्ये पन्नास वर्षं गेली, यावरून अट किती महाग पडू शकते हे कळतं.

गट पाडण्याच्या प्रश्नांत पुन्हा पदांचं भूत येतं. बारा मुलांच्या चार-चारच्या तीन तुकड्या करा. तुकड्यांना नावं असतील, एक क्रिकेटला, एक कबड्डीला, एक खोखोला, तर प्रकार ३४,६५०. नुसत्याच तीन तुकड्या, तर त्याला सहाने भागायचं, ५,७७५. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पेपर काढणाऱ्याने ‘तुकड्या’ म्हणताना मनात काय धरलं होतं हे वाक्यात नसेल, तर विद्यार्थ्याला दोष देता येत नाही. असे प्रश्न येतात, आणि मग उत्तरसूचीवर आक्षेपांचे अर्ज पडतात.

ही सगळी पुस्तकी समिती बाजूला ठेवून खऱ्या अटींकडे पाहिलं तर विषय अचानक जिवंत होतो. आयपीएलच्या संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांत परदेशी जास्तीत जास्त ८, आणि मैदानात उतरणाऱ्या अकरांत परदेशी चारच. उप्पलच्या मैदानावर घरचे सामने खेळणाऱ्या संघाकडे पूर्ण २५ आणि पूर्ण ८ आहेत असं धरू. बिनअटीचे अकरा निवडायचे ४४,५७,४०० प्रकार. परदेशी चारच्या आत ठेवले तर : एकही नाही १२,३७६, एक १,५५,५८४, दोन ६,८०,६८०, तीन १३,६१,३६०, चार पुन्हा १३,६१,३६०. एकूण ३५,७१,३६०, म्हणजे सुमारे ८० टक्के. ऐकताना कडक वाटणारी अट पाचांपैकी एकच अकरा बाद करते. कारण दिसायला सोपं आहे : २५ मध्ये ८ परदेशी असताना डोळे मिटून अकरा उचलले तर सरासरी साडेतीन परदेशी येतात, आणि मर्यादा चारची आहे. अर्थात कोणताही कर्णधार डोळे मिटून संघ निवडत नाही. त्याला यष्टिरक्षक हवा असतो, शेवटची षटकं टाकणारा हवा असतो. २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’ही आहे. अटी एकमेकींत गुंतल्या की सुटसुटीत सूत्र संपतं आणि तक्ता करावा लागतो.

तक्त्याचं हे प्रकरण मला सूत्रापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आमच्या दहांतून निवडलेल्या समितीचा पूर्ण तक्ता एका ओळीत मावतो : शून्य, एक, दोन, तीन, चार स्त्रिया असलेल्या समित्या अनुक्रमे ६, ६०, १२०, ६०, ६. बेरीज २५२. ही बेरीज दरवेळी जुळते, याला पाश्चात्त्य पुस्तकांत व्हांडरमोंड यांचं नाव आहे, १७७२ सालचं. चीनच्या झू शिजिए यांना ती १३०३ सालीच माहीत होती. ही ओळ एकदा लिहिली की ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’, ‘नेमके’, ‘निम्म्याहून कमी’ या सगळ्या प्रश्नांची उत्तरं नुसती वाचून सांगता येतात. साडेसदुसष्ट सेकंदांतही ही ओळ लिहून होते. तरीही शिकवताना प्रत्येक शब्दासाठी वेगळी युक्ती दिली जाते, आणि ‘किमान’ दिसलं की पूर्ण संख्येतून वजा करा असं सरसकट सांगितलं जातं, मग वजा करायच्या रकान्यांची संख्या ठेवायच्या रकान्यांपेक्षा जास्त का असेना. ज्याला वेळ नाही त्याने किमान एक तपासणी करावी : अटीनंतरचं उत्तर बिनअटीच्या संख्येहून मोठं आलं, तर पेन खाली ठेवायचं. आणि शंका आली तर प्रश्न लहान करावा. दोन स्त्रिया, दोन पुरुष, तिघांची समिती, किमान एक स्त्री : सगळ्या मिळून चारच समित्या होतात आणि चारांतही स्त्री असतेच. चुकीची रीत सहा सांगते.

पुस्तकातल्या समितीच्या सगळ्यात जवळची खरी समिती कायद्याने प्रत्येक मोठ्या कचेरीत बसवली आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती मागतो : अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला, आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया. चार जणांची समिती करायची आहे, अध्यक्षपदाला योग्य तीन स्त्रिया आहेत, सदस्यत्वासाठी चार स्त्रिया आणि पाच पुरुष, बाहेरून यायला दोन स्त्रिया आणि एक पुरुष तयार आहेत असं समजा. निम्म्यांची अट सोडली तर ३ गुणिले ३६ गुणिले ३, म्हणजे ३२४. अध्यक्ष स्त्रीच असल्यामुळे निम्म्यांची अट मोडते ती एकाच परिस्थितीत, बाकीचे तिन्ही पुरुष असले तर : ३ गुणिले १० गुणिले १, म्हणजे ३०. उरल्या २९४. इथे अध्यक्ष आणि बाहेरचा सदस्य ही खरी पदं आहेत, म्हणून त्यांच्यासाठी गुणाकार. दोन साधे सदस्य बिनपदाचे, म्हणून त्यांच्यासाठी ३६. एकाच समितीत दोन्ही तऱ्हा. इंग्रज-अमेरिकनांना निवृत्त करून हा प्रश्न धड्यात घ्यावा असं मला वाटतं. कायद्यात आणखी एक अपेक्षा आहे : कर्मचारी सदस्य शक्यतो स्त्रियांच्या प्रश्नांविषयी आस्था असलेले असावेत. ती कोणत्याही रकान्यात बसत नाही आणि ते योग्यच आहे.

इथवर आपण ‘किती?’ असं विचारत होतो. अटी आणखी आवळल्या की आधीचा प्रश्न उभा राहतो : एक तरी आहे का? लँकशायरचे पाद्री थॉमस कर्कमन यांनी १८५० साली पंधरा शाळकरी मुलींचं कोडं घातलं. मुली रोज तिघी-तिघींच्या पाच रांगांत फिरायला जातात. सात दिवसांत कोणत्याही दोघी एका रांगेत नेमक्या एकदाच याव्यात. पंधरांतून तिघी निवडण्याचे प्रकार ४५५, त्यांतले फक्त ३५ घ्यायचे आहेत. अशी मांडणी आहे, आणि एकमेकींपासून खरोखर वेगळ्या अशा सात मांडण्या आहेत. मुलींची संख्या बदलली तर कधी जमतं, याचं पूर्ण उत्तर द्विजेंद्र राय-चौधुरी आणि रिचर्ड विल्सन यांनी १९७१ मध्ये दिलं.

या वाटेवर एक मोठं मराठी नाव आहे : शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७-२०२०). नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचं प्रगत केंद्र उभारणारे. १७८२ मध्ये ऑयलर यांनी छत्तीस अधिकाऱ्यांचा प्रश्न मांडला : सहा पलटणी, प्रत्येकीतले सहा हुद्द्यांचे अधिकारी, सहा-सहाच्या चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. ते जमत नाही असं त्यांना वाटलं, आणि १९०१ मध्ये गास्ताँ तारी यांनी शक्यता तपासून ते सिद्धही केलं. पण ऑयलर यांचा अंदाज पुढे गेला होता : दहा, चौदा, अठरा अशा संख्यांनाही जमणार नाही. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी तो खोटा ठरवला. दोन आणि सहा सोडले तर सगळीकडे जमतं. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. शेतीच्या प्रयोगात कोणतं खत कोणत्या वाफ्यात टाकायचं, कारखान्यात कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि कोणत्या गाळायच्या, हे याच मांडण्यांवरून ठरतं. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४०च्या दशकात बांधलेला त्याचा संख्याशास्त्रीय पाया आजही वापरात आहे. त्यांच्या नावाची गणितसंस्था गच्चीबावलीला, हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात आहे.

श्रीखंड्यांच्या दहाच्या चौकोनात आणखी एक अट घालून पाहता येते. पलटण आणि हुद्दा यांच्या जोडीला प्रत्येक अधिकाऱ्याची भाषाही दहांपैकी एक. प्रत्येक रांगेत प्रत्येक भाषा एकदाच, आणि पलटण-भाषा, हुद्दा-भाषा या जोड्याही एकेकदाच याव्यात. असा चौकोन आहे की नाही, हे अजून कोणालाही, संगणक दिमतीला असूनही, सिद्ध करता आलेलं नाही.